नुसतं मैदान

खुसखुशीत काहीतरी लिहा, असं या अंकाच्या संपादकबाईंनी मला फोनवर सांगितलं. नागपूर स्टेशनवर तुम्ही एवढी वर्षं बसलात, किती तऱ्हेची माणसं पाहिली असतील, दिवाळीत लोकांना वाचायला आवडेल. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि कागद घेऊन बसले. तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली हे खरं आहे, त्यातली काही पुढे येतीलच. पण त्या खिडकीची आठवण काढली की मला सगळ्यात आधी राग येतो. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, डॉक्टर शांत राहायला सांगतात, तरी येतो. तेव्हा तेच लिहिते. खुसखुशीत झालं नाही तर बाईंनी सांभाळून घ्यावं.

माझी खिडकी स्टेशनात होती, पण मी रेल्वेची नोकर नव्हते. हे प्रवाशांना शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी लेट झाली की लोक मलाच शिव्या द्यायचे. बाहेरगावच्या माणसांना शहराची माहिती देणाऱ्या एका सरकारी खात्याची ती खिडकी होती. एक नंबरच्या फलाटावर वेटिंग हॉलच्या बाजूला लाकडी फळ्यांची एक खोली, पुढे खिडकी, मागे सामान ठेवायची अंधारी जागा आणि मधे पातळ पार्टिशन. सकाळच्या पाळीला ठोंबरे नावाचे एक कारकून बसायचे, दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी. आमचे साहेब बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मुख्य कार्यालयात बसत. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते गेले, पण त्यांची मुलंनातवंडं याच शहरात आहेत आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

मी उत्तर नागपुरातली, इंदोऱ्याची. वडील मिलमध्ये होते. आमच्या गल्लीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी, आणि सरकारी खिडकीत बसणारीही पहिलीच. सुरुवातीला गल्लीतल्या बाया काही काम नसताना स्टेशनवर येऊन मला बघून जायच्या.

हे काम काय असतं ते आधी सांगते. माणूस गाडीतून उतरला की त्याला दिशा कळत नाही. नागपूर स्टेशनला दोन बाजू. पश्चिमेला लाल दगडाची मुख्य इमारत, तिच्यासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी. पूर्वेला संत्रा मार्केट. चुकीच्या बाजूनं बाहेर पडला की माणूस तासभर भटकतो आणि त्याला सायकलरिक्षावाले हवे तसे फिरवतात. म्हणून पहिलं उत्तर नेहमी कुठल्या दरवाज्यानं बाहेर पडायचं हेच. मग मुक्काम कुठे, शाकाहारी खाणावळ कुठे. त्यानंतर प्रवासी जरा सैल होतो आणि विचारतो, बघण्यासारखं काय आहे? मग आम्ही महाराजबागेतले वाघ, अंबाझरीचा तलाव, तेलंगखेडीची बाग, झिरो माइलचा खांब आणि एक दिवस हातात असेल तर रामटेक असं सांगायचो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. कलकत्त्याचं एक कुटुंब ऐन जूनमध्ये आलं आणि झाडावर लागलेली संत्री दाखवा म्हणून अडून बसलं. आता झाडावर फळ नसतं म्हटलं तर त्यातले बाबू म्हणाले, मग शहराचं नाव उगाच का झालं आहे? एक गृहस्थ झिरो माइलच्या खांबाला हात लावून परत आले आणि तक्रार केली, की देशाच्या मध्यावर उभं राहून काहीच वाटलं नाही. जबलपूरचे एक निवृत्त मास्तर किल्ला बघायला आले होते. खिडकीशेजारी एक रंगवलेला फलक होता, त्यावर सगळ्यात वर किल्ल्याचं नाव. मास्तर टेकडी चढून गेले आणि दारावरच्या जवानानं त्यांना परत पाठवलं, कारण किल्ला लष्कराच्या ताब्यात, आणि सामान्य माणसाला वर्षातल्या ठरावीक राष्ट्रीय सणांनाच आत सोडतात. मास्तर घामाघूम होऊन आले आणि माझ्यावर ओरडले. त्यांचं बरोबर होतं. जिथं आत जाता येत नाही ते फलकावर लिहायचं कशाला, असं मीही साहेबांना कळवलं. उत्तर आलं नाही.

सत्तरनंतर दोन-तीन वर्षांनी खात्यानं ठरवलं की फलक जुना झाला, आता छापील मार्गदर्शिका काढायची. छोटीशी पुस्तिका, वर स्टेशनच्या इमारतीचं चित्र, आत स्टेशनातल्या सोयी आणि आसपासची स्थळं. मजकूर लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि ठोंबऱ्यांना लिहायचा कंटाळा. मी आनंदानं लिहिलं. सुट्टीच्या दिवशी मिस्टरांच्या सायकलवर मागं बसून एकेक जागा पुन्हा बघून आले. कुठे पाण्याची सोय आहे, कुठली बस कुठे सोडते, कुठे म्हाताऱ्या माणसाला बसायला सावली आहे, सगळं टिपलं. आणि त्यात एक परिच्छेद दीक्षाभूमीचा लिहिला.

तेव्हा तिथे आजचा स्तूप नव्हता. गवत उगवलेलं मोठं मैदान होतं. छप्पन्न साली त्या मैदानावर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्यात माझे आईवडील होते आणि त्यांचं बोट धरून मी होते. दर दसऱ्याला आमच्या स्टेशनवर फलाट दिसत नाही इतकी माणसं उतरतात. बाकी कुठल्याही स्थळासाठी एवढी माणसं नागपुरात येत नव्हती, आजही येत नाहीत. मार्गदर्शिकेत ते नसेल तर ती कुणाला मार्ग दाखवणार, असा साधा हिशेब माझ्या डोक्यात होता.

मजकूर साहेबांच्या टेबलावरून परत आला तेव्हा त्या परिच्छेदावर तांबडी फुली होती. मी बर्डीवर त्यांच्या खोलीत गेले. साहेब तसे सौम्य बोलणारे. बसा म्हणाले, चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, तिथं आहे काय बघायला? नुसतं मैदान. प्रवासी बिचारा जाईल आणि निराश होऊन परत येईल."

मी म्हटलं, किल्ल्यात तर आतही सोडत नाहीत, तरी तो पहिल्या पानावर आहे.

"किल्ला खालूनही दिसतो," साहेब म्हणाले. आणि मग थोडं पुढे वाकून, अगदी आपुलकीनं, "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ही प्रवाशांची पुस्तिका आहे. यात कुणी आपापल्या लोकांचं घुसवायला लागलं तर कसं चालेल?"

त्यांनी ओरडून मला हाकललं असतं तर मी त्यांना कदाचित विसरले असते. ती आपुलकी मी विसरले नाही. माझ्यापुढे चहा निवत होता. रामटेकचं देऊळ कुणाचंच घुसवलेलं नव्हतं, किल्ला कुणाचाच नव्हता, सगळे आपोआप पुस्तिकेत आले होते. मी लिहिलेली जागा मात्र माझ्या लोकांची. मी चहा न पिता उठले. पुस्तिका फुली पाळून छापली गेली आणि तिचे गठ्ठे आमच्या मागच्या खोलीत येऊन पडले.

मी काय करणार होते? माझ्या पाळीत कुणी विचारलं तर तोंडी सांगायची. कुणी न विचारताही सांगायची. पण माझी पाळी दुपारची. सकाळी ठोंबरे असायचे.

आता वेणूबाईंची गोष्ट सांगते. उन्हाळा सुरू होत होता. मी पाळीवर आले तेव्हा खिडकीसमोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं, पायात टायरच्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. पदराच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं आणि ती गाठ तिनं मुठीत धरली होती. मुंबईकडे जाणाऱ्या पॅसेंजरला अजून अवकाश होता. मी खिडकी उघडली तशी ती माझ्याकडे बघून हसली. कुठल्या गावची म्हणून मी विचारलं, तेव्हा सगळं सांगायला लागली.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातली ती. मजुरी करणारी. दारव्ह्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर, अशी एकटी आली होती. छप्पन्न साली तिचा नवरा गावातल्या चारसहा माणसांबरोबर दीक्षा घ्यायला आला होता. ती बाळंतीण होती, म्हणून घरी राहिली. नवऱ्यानं परत येऊन त्या मैदानाचं वर्णन केलं, आणि पुढे जन्मभर करत राहिला. मी तुले नेईन म्हणायचा. नेणं झालं नाही. गेल्या वर्षी तो वारला. मुलगा म्हणाला दसऱ्याला सगळे जाऊ, पण तिला दसरा नको होता. गर्दीत आपल्याला माणसांच्या पाठीच दिसतील, मैदान दिसणार नाही, असं तिचं म्हणणं. तिला ते रिकामं बघायचं होतं.

"पाहिलं बाई," ती म्हणाली. "सकायपासून तिथंच होती मी. माती घेतली थोडी. मधात ती छत्री हाय नं दगडाची, तिथं माथा टेकवला."

मी विचारलं, कुठली छत्री?

"हे काय, इथंच. चालतच गेली न चालतच आली."

स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आणि मधे दगडी छत्री असलेलं मैदान नागपुरात एकच आहे, कस्तुरचंद पार्क. तिथे पुढाऱ्यांच्या सभा होतात आणि प्रदर्शनं लागतात. दीक्षाभूमी तिथून कितीतरी लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाकडे.

तिला तिकडे कुणी पाठवलं ते मी विचारलं. तिनं माझ्याच खिडकीकडे बोट केलं. सकाळचे साहेब, ती म्हणाली. बिचाऱ्यानं पुस्तक उघडून पाहिलं आणि सांगितलं.

ती समोर बसली होती, उन्हानं रापलेला चेहरा अगदी निवांत. जन्मभराची इच्छा पुरी झाली होती आणि थोड्या वेळात ती गाडीत बसून जाणार होती. गप्प राहिले असते तर ती सुखानं घरी गेली असती, सुनांना माती दाखवली असती. मी गप्प राहायचा विचार केला नाही असं नाही. पण मग मला साहेबांचा तो सौम्य आवाज आठवला. प्रवासी बिचारा निराश होईल. या बाईला काय झेपेल आणि काय नाही हे ठरवणारी मी कोण? मी बाहेर आले, तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं.

तिनं पदराची गाठ सोडली, मातीकडे बघितलं.

"मंग ही कायची माती हाय?"

मी सांगितलं.

"त्यानं मले काहून धाडलं तिथं?"

तिनं माती फेकली नाही. फलाटाच्या कडेला रेल्वेनं ठेवलेली फुलझाडांची एक कुंडी होती, तिच्यात नीट ओतली आणि पदर झटकला. मग म्हणाली की आता गाडीची वेळ होईल, मुलगा दारव्ह्याला घ्यायला येणार आहे. मी म्हटलं, माय, गाडी उद्याही आहे. आज माझ्या घरी राहा. मुलाला निरोप पोचवायची व्यवस्था मी करते. तिनं माझ्याकडे जरा पारखून बघितलं आणि पिशवी उचलली.

मी खिडकी बंद केली. भर दुपारी, पाळी सुरू झाल्या झाल्या, फळी लावली आणि कुलूप घातलं. असं आधी कधी केलं नव्हतं. दारव्ह्याच्या स्टेशनवर निरोप द्यायला एका ओळखीच्या तारबाबूला सांगितलं आणि पश्चिमेच्या दरवाज्यातून सायकलरिक्षा केली.

दीक्षाभूमीवर त्या दिवशी कुणी नव्हतं. वाळलेलं गवत, एका बाजूला पिंपळाचं वाढतं झाड, पलीकडे दोन गाई चरत होत्या. साहेब म्हणाले तसंच, नुसतं मैदान. वेणूबाई कडेला उभी राहिली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा लगेच माथा टेकवेल. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं विचारलं, "आमच्या घरचे कुठं उभे असतील?"

मी म्हटलं, कसं सांगू, सगळं मैदान भरलं होतं. कुठंही असतील.

"मंग सगळंच चाला लागते," ती म्हणाली.

आणि चालायला लागली. एका कडेनं सरळ पलीकडच्या टोकापर्यंत, तिथून चार पावलं सरकून परत, पुन्हा चार पावलं सरकून तिकडे. कपाशीच्या पऱ्हाटीत निंदायला बाया ओळीचं तास धरून चालतात तशी, एकही पट्टा न सोडता, खाली बघत. चपला तिनं कडेलाच काढून ठेवल्या होत्या. ऊन चांगलंच होतं. मी सुरुवातीला तिची पिशवी धरून झाडाखाली उभी राहिले. मग मलाही राहवेना. माझे वडील कुठे उभे होते ते मला आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं की समोरच्या बाईच्या पाठीशिवाय मला काही दिसलं नव्हतं. मी तिच्या बाजूचा पट्टा धरला. आम्ही ऊन उतरेपर्यंत चाललो, आणि शेवटचा पट्टा झाल्यावर ती मधोमध येऊन बसली, माथा टेकवला, माती घेतली.

रात्रीचं जेवण आमच्याकडे झालं. माझ्या सासूबाईंचं आणि तिचं लगेच जमलं. जेवताना मी सगळा राग ओकला. पुस्तिका, फुली, चहा, आपापल्या लोकांचं घुसवणं. वेणूबाई ऐकत होती. एवढंच तिनं विचारलं, की तो सकाळचा माणूस रोज तिथंच बसतो का. बसतो, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवलं.

त्या सकाळी मी मुद्दाम ठोंबऱ्यांच्या पाळीतच पोचले होते. काल त्या म्हातारीनं काय विचारलं होतं, म्हणून त्यांना विचारलं. मैदान विचारत होती, ते म्हणाले. दीक्षा हा शब्द बोलली होती की नाही, मी पुन्हा विचारलं. ठोंबरे सुपारी कातरत होते. नागपूरच्याच महाल भागात जन्म गेलेला माणूस, दसऱ्याची ती गर्दी दरवर्षी या खिडकीतून बघणारा.

"बोलली असन," ते म्हणाले. "मी पुस्तकात पाह्यलं, तसं काही नव्हतं. मंग मैदान तेवढं ऐकलं."

तोंडावर मारावंसं वाटलं. मी मारलं नाही. ते खोटंही बोलले नव्हते. पुस्तकात नव्हतं म्हणून त्यांना ऐकूच आलं नव्हतं, एवढं सरळ होतं ते.

माझी खिडकी बंद असल्याचं नेमकं आदल्या दुपारी साहेबांच्या कुणा पाहुण्यांनी पाहिलं होतं. मला मेमो आला. कामाच्या वेळेत खिडकी बंद का ठेवली? मी खरं तेच लिहिलं: सकाळच्या पाळीत या खिडकीवरून, पुस्तिकेत नाही म्हणून, एका प्रवाशाला चुकीच्या ठिकाणी पाठवण्यात आलं होतं, त्या प्रवाशाला योग्य ठिकाणी नेण्यासाठी. साहेबांनी बोलावलं. यावेळी चहा नव्हता. चूक झाली, क्षमा असावी, एवढ्या दोन ओळी द्या, मी प्रकरण मिटवतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, चूक झाली हे मी लिहिलंच आहे, ती कुणाची हेही लिहिलं आहे. साहेब म्हणाले, "तुम्ही फार कडवट झाला आहात, मेश्राम बाई. लोकांशी बोलण्याच्या जागेवर तुम्ही नको."

त्यांनी मला खिडकीवरून काढून मागच्या खोलीत बसवलं. काम काय, तर मार्गदर्शिकेचे गठ्ठे सोडायचे, मोजून बांधायचे आणि शहरातल्या लॉजना आणि एस.टी. स्टँडला पाठवायचे. जी पुस्तिका मी लिहिली आणि जिच्यातून माझी जागा खोडली, तीच रोज हाताळायची. दुपारी खिडकीत एक नवीन माणूस आला. ठोंबऱ्यांना काही झालं नाही. ते पार्टिशनच्या पलीकडे सकाळभर सुपारी कातरायचे आणि मला आवाज यायचा. घरचे म्हणाले, पगार तोच आहे ना, सोडून दे. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या नाहीत.

पुढे साहेब बदलले, पुस्तिकेची नवीन आवृत्ती निघाली आणि तिच्यात दीक्षाभूमी आली, प्राणिसंग्रहालयाच्या वेळांच्या खाली एका ओळीत. मलाही खिडकी परत मिळाली. तोपर्यंत बरीच वर्षं गेली होती आणि कुणी मला विचारलं नव्हतं की मधे ती ओळ कुठे होती. त्या आवृत्तीबद्दल माझं अभिनंदन करणारे लोक भेटतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला जे लिहायचं आहे ते वेणूबाई आली त्याच वर्षी घडलं, मी मागच्या खोलीत असताना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. फलाटावर गर्दी सुरू झाली होती, निळे झेंडे, घोषणा, लहान मुलांची रडारड. मी आत गठ्ठे बांधत होते. पार्टिशनपलीकडे एका बाईचा आवाज आला. "साहेब, दीक्षाभूमी कुठं हाय?"

ठोंबरे म्हणाले, या सगळ्यांच्या मागं जा, तिथंच जाऊन राहिले सगळे.

ती गेली. लगेच दुसरी बाई. "साहेब, दीक्षाभूमी कुठं हाय?" सांगितलं ना आत्ताच, ठोंबरे म्हणाले. तिले सांगितलं, मले नाई, ती बाई म्हणाली. ठोंबऱ्यांनी पुन्हा सांगितलं. मग तिसरी. तोच प्रश्न, तेच शब्द. चौथी. पाचवीला ते चिडले, किती वेळा सांगू म्हणाले, तर ती म्हणाली, मी एकडावच इचारून राहिली.

मी सुतळी खाली ठेवली आणि पार्टिशनच्या फटीतून बघितलं. खिडकीसमोर रांग होती. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, म्हाताऱ्या, तरुण, एकीच्या कडेवर मूल. रांग वेटिंग हॉलच्या दारापर्यंत गेली होती. सगळ्यात पुढे, बाजूला, वेणूबाई उभी होती. ती काही बोलत नव्हती. प्रत्येक बाईचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबत होती आणि मग पुढच्या बाईकडे मान हलवत होती. कुणी अर्धवट उत्तर घेऊन हटत नव्हतं. कुठल्या दरवाज्यानं निघायचं? उजवीकडे की डावीकडे? बसनं जायचं की पायी? ठोंबरे पुस्तिका उघडायला लागले तेव्हा वेणूबाई पहिल्यांदा बोलली.

"त्यात नाई ते, साहेब. म्हणूनच त तुमाले इचारून राहिलो."

रांगेतून कुणी हसलं नाही. बाकीचे प्रवासी थांबून बघायला लागले होते. बर्डीवर फोन गेला असावा, कारण थोड्या वेळानं साहेब स्वतः आले. त्यांनी वेणूबाईला समजावलं की बाई, तुमची माणसं जात आहेत त्यांच्यासोबत जा, इथे कामाचा खोळंबा होतो आहे. ती म्हणाली, हे इचारायचीच खिडकी हाय नं? साहेबांनी वरच्या पाटीकडे बघितलं. पाटीवर मार्गदर्शन असं लिहिलेलं होतं. ते बाजूला उभे राहिले आणि रांग पुढे सरकली.

ठोंबऱ्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. आधी ते वैतागून बोलत होते, मग कंटाळून, मग नुसतं सांगत होते. पश्चिमेच्या दरवाज्यानं बाहेर पडा, डावीकडे बर्डी, तिथून वर्धा रोडनं सरळ, धंतोली डाव्या हाताला ठेवा. रस्ता त्यांना चांगलाच माहीत होता. इतकी वर्षं माहीत होता.

मी मागच्या दारानं बाहेर आले. ऑफिसची साडी, हाताला गठ्ठ्यांची धूळ. रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्या पुढच्या बाईनं वळून बघितलं आणि जरा पुढे सरकून जागा दिली. साहेबांनी मला पाहिलं. मेश्राम बाई, जागेवर जा, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघितली. ते म्हणाले नाहीत. रांग सरकत गेली आणि माझा नंबर आला. त्या खिडकीसमोर, बाहेरच्या बाजूनं, मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते. ती बाहेरून बरीच उंच वाटते.

"दीक्षाभूमी कुठे आहे?" मी विचारलं.

ठोंबऱ्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाले माहीत नाही का?"

"माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

त्यांनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चष्मा लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काहीही न गाळता. त्यांचं संपल्यावर मी म्हटलं, परत एकदा सांगा.

त्यांनी परत सांगितलं.